सेकंदाचा पन्नासावा भाग

जुन्या टीव्ही गेममधल्या नायकाला शत्रूचा धक्का लागला की तो बऱ्याचदा लगेच मरत नाही. काही क्षण तो नुसता लुकलुकतो आणि तेवढ्या वेळात त्याला दुसरा धक्का बाधत नाही. या लुकलुकण्यामागची युक्ती साधी असते. एका फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावर क्षणभर उमटणाऱ्या एका चित्रात, नायकाचे चित्र काढायचे, पुढच्या फ्रेममध्ये गाळायचे, त्यापुढच्या फ्रेममध्ये पुन्हा काढायचे. कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचे गेमचे यंत्र, सेकंदाला ५० किंवा ६० फ्रेम टीव्हीकडे धाडत असल्यामुळे पाहणाऱ्याला नायक अर्धवट पारदर्शक झाल्यासारखा वाटतो. हाच खेळ सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेम साठवणाऱ्या चित्रणात उतरवला की दर दोन फ्रेममधली एक गळते, आणि मग जी उरली तिच्यावर सगळे अवलंबून राहते. नायक असलेल्या फ्रेम उरल्या तर त्याला काही लागलेच नाही असे वाटते. नसलेल्या उरल्या तर तो पडद्यावरून गायब होतो आणि शत्रू मोकळ्या जागेवर धावून जाताना दिसतात. जुन्या कन्सोलवरच्या खेळाचे चित्रण करून ठेवण्याचा नाद मला बरीच वर्षे आहे, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे, ते असे की या कामात चित्राच्या रेखीवपणापेक्षा काळाचा हिशेब कितीतरी मोठा आहे.

बाजारातली चाल याच्या उलट आहे. कन्सोलचे चित्र संगणकात उतरवणारे कॅप्चर कार्ड घ्यायला गेलात तर खोक्यावर ठळक अक्षरांत असते ते पिक्सेलचे माप. ते कार्ड आत येणारा सिग्नल कसा वाचते आणि त्यातले किती क्षण प्रत्यक्षात साठवते, हे बारीक अक्षरांत शोधावे लागते आणि कधी कधी सापडतही नाही. निन्टेंडोच्या ज्या फॅमिकॉमच्या नकला आपल्याकडे घरोघरी गेल्या, त्याचे चित्र मुळात आडवे २५६ आणि उभे २४० ठिपके एवढेच. इतक्या लहान चित्राला फोर-केच्या चौकटीत बसवून आपण त्याला काहीही जास्तीचे देत नाही. उलट त्या यंत्राला ठिपके परवडत नव्हते म्हणून त्याच्या कारागिरांनी सगळी हुशारी हालचालीत ओतली होती, आणि नेमकी तीच आजची स्वस्त साधने कापून टाकतात.

गोव्यात ही यंत्रे दोन वाटांनी आली. एक वाट सगळ्या देशाची होती: १९८३ मध्ये जपानात निघालेल्या फॅमिकॉमच्या, तैवानी चिपवर बेतलेल्या नकला, ज्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापासून आमच्या फोंड्याच्या दुकानांपर्यंत मिळत आणि ज्यांच्याबरोबर एकाच कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याची थाप हमखास असे. दुसरी वाट खास इथली. आखातात नोकरीला असलेले मामा आणि बोटीवर काम करणारे शेजारी सुट्टीवर येताना जे सामान आणत, त्यात साबण, अत्तरे आणि चॉकलेटे यांच्याबरोबर कधी तरी एखादा कन्सोल निघे. आमच्या वाड्यावरच्या अशाच एका तारवट्याने जपानच्या बंदरातून सेगाचा मेगा ड्राइव्ह आणला होता आणि पुढे वडिलांनी तो त्याच्याकडून विकत घेतला. घरच्या रंगीत टीव्हीला तो जोडला तेव्हा चित्र आधी वरखाली घसरत राहिले, मागचे बटण फिरवून ते स्थिर केले तेव्हा ते काळे-पांढरे निघाले. कॅसेटच्या लेबलावर निळाभोर असलेला गेमचा नायक सॉनिक आमच्या पडद्यावर कित्येक महिने करडाच धावत होता.

त्याचे कारण असे. जपान आणि अमेरिकेतली टीव्हीची एनटीएससी पद्धत ५२५ ओळींची आणि सेकंदाला ५९.९४ फील्डची (फील्ड म्हणजे पडद्यावरच्या एका फेरीत उमटणारे चित्र), आपली पॅल पद्धत ६२५ ओळींची आणि ५० फील्डची. रंगाची माहिती वाहून नेणारी लहरही दोहोंत वेगळी, तिकडे ३.५८ मेगाहर्ट्झची तर इकडे ४.४३ मेगाहर्ट्झची. फक्त पॅल जाणणाऱ्या टीव्हीला ती लहर ओळखता येत नाही, म्हणून तो रंग सोडून देतो आणि नुसता उजेड-काळोख दाखवतो. पुढे दोन्ही पद्धती जाणणारे टीव्ही सर्रास आले आणि हा घोळ लोक विसरले. चित्रण करायला बसले की मात्र तो पुन्हा समोर उभा राहतो, कारण कॅप्चर स्टिकच्या (यूएसबीत खोचायच्या छोट्या कॅप्चर कार्डाच्या) सॉफ्टवेअरमध्येही कुठली पद्धत ते आपल्यालाच सांगावे लागते.

५० आणि ६० या दोन आकड्यांमधला फरक रंगापुरता थांबत नाही. त्या काळचे बहुतेक गेम फ्रेमच्या ठोक्यावर चालत. दर फ्रेमला एकदा प्रोग्रॅम जागा होई, नायकाला थोडा पुढे सरकवी, संगीत एक घर पुढे नेई आणि पुढच्या फ्रेमची वाट पाहत थांबे. ६० साठी लिहिलेला असा गेम ५० च्या यंत्रावर चालवला की धावणे, उडी, घड्याळ आणि संगीत सगळेच सहाला पाच या प्रमाणात मंदावते. फॅमिकॉमच्या पॅल नकलांची रचना मात्र अशी होती की प्रोसेसरचा वेग मूळ जपानी यंत्राच्या अगदी जवळ राही. सेकंदाला सुमारे १७.९ लाख ठोक्यांच्या जागी १७.७ लाख. स्वराची उंची प्रोसेसरच्या वेगावरून ठरते आणि लय फ्रेमच्या वेगावरून. त्यामुळे मारिओची जी धून ऐकत आमची पिढी वाढली तिची पट्टी मूळच्याच ठिकाणी होती, फरक एका श्रुतीएवढाही नाही, पण तिची लय विलंबिताकडे झुकलेली होती. ज्या फोंडा तालुक्यातून केसरबाई केरकर आणि मास्टर दीनानाथ आले, त्या तालुक्यातल्या कानांना हे कळायला हरकत नव्हती. पण मूळ लय कोणी ऐकलेलीच नव्हती, तर तुलना कशाशी करणार?

म्हणून नकलेवरचा खेळ चित्रित करताना तो ५० चा ठोका जसाच्या तसा राहिला पाहिजे, असा माझा आग्रह असतो. पुष्कळ साधने आणि पुष्कळ माणसे सवयीने ६० चा पर्याय निवडतात. मग दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा दाखवली जाते आणि जमीन मागे सरकत असताना चित्र ठराविक अंतराने अडखळते. एकदा ते अडखळणे डोळ्यांनी पकडले की पुढे त्याच्याशिवाय दुसरे काही दिसत नाही, आणि म्हणून मी ते इतरांना मुद्दाम दाखवत नाही.

याहून मोठी गफलत ओळींच्या बाबतीत होते आणि ती समजून घेतल्याशिवाय या कामात पाऊल पुढे पडत नाही. टीव्हीवरचे साधे प्रक्षेपण इंटरलेस्ड असते, म्हणजे एका फील्डमध्ये विषम ओळी येतात आणि पुढच्या फील्डमध्ये सम. पंगतीत एखादा वाढपी पहिल्या फेरीत एकाआड एक पानावर वाढत जावा आणि राहिलेली पाने दुसऱ्या फेरीत घ्यावीत, तसे हे चालते. जुन्या कन्सोलने यात स्वतःची सोय पाहिली: तो दोन्ही फेऱ्यांत त्याच त्या पानांवर वाढतो आणि मधली पाने रिकामीच ठेवतो. फील्डच्या शेवटी यायची अर्धी ओळ तो गाळतो, त्यामुळे टीव्हीत चित्र काढणारी शलाका दर वेळी त्याच ओळींवर फिरते. मधल्या रिकाम्या ओळी म्हणजेच जुन्या गेमच्या चित्रात दिसणाऱ्या त्या काळ्या रेघा. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला यात काहीच वावगे वाटत नाही. कॅप्चर कार्ड मात्र प्रक्षेपणासाठी घडवलेले असते. ते समजते की दुसरी फेरी उरलेल्या पानांसाठीच होती, आणि दोन वेगवेगळ्या क्षणांची चित्रे एकमेकांत गुंफून एक फ्रेम तयार करते. धावत्या नायकाच्या कडेला कंगव्याचे दाते दिसू लागतात ते यामुळे. ते दाते नकोत म्हणून सॉफ्टवेअर एक फील्ड फेकून देते किंवा दोन्ही मिसळते, आणि लुकलुकणाऱ्या नायकाचा तिथे निकाल लागतो.

यातली समाधानाची बाब अशी की साध्या यूएसबी कॅप्चर स्टिकनेही मूळ सिग्नल न छेडता साठवला, तर काही हरवलेले नसते. सेकंदाला २५ फ्रेम अशी नोंद असलेल्या त्या फाइलमध्ये ५० फील्ड सुखरूप असतात. ती नंतर वेगळी करून एकामागे एक मांडली की ५० चा ठोका परत मिळतो. ओबीएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेसिंगच्या, म्हणजे गुंफलेल्या ओळी सोडवण्याच्या, यादीत ‘याडिफ टू-एक्स’ आणि चक्क ‘रेट्रो’ नावाचा पर्याय आहे. जुन्या कन्सोलसाठी मी दुसरा वापरतो. उलट पिवळी पिन एका बाजूने आत आणि एचडीएमआय दुसऱ्या बाजूने बाहेर अशा ज्या लहान पांढऱ्या डब्या सगळीकडे मिळतात, त्या हा निर्णय आपल्याला न विचारता आतल्या आत घेऊन टाकतात, वर ४:३ चे चित्र ताणून १६:९ करतात. सॉनिक त्यात जेवण जास्त झाल्यासारखा दिसतो.

हा सगळा फील्डचा हिशेब मला कागदावर समजला असता की नाही, शंका आहे. तो समजला तो फोंड्यातल्या एका व्हिडिओ शूटिंगवाल्या काकांच्या स्टुडिओत. लग्नाच्या आणि देवळांतल्या उत्सवी नाटकांच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवून देणे हे त्यांचे आताचे मुख्य काम. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. त्यामुळे काकांच्या टेबलावरची यंत्रे म्हणजे एकमेकांचे सुटे भाग खाऊन जगणारे कुटुंब आहे. गोव्याच्या हवेत कॅसेटला बुरशी येते. रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर काका ती कॅसेट सरळ यंत्रात घालू देत नाहीत, कारण एका बुरसटलेल्या कॅसेटने हेड खराब झाले की पुढच्या दहा गिऱ्हाइकांची लग्ने बिघडतात.

माझ्याकडची कॅसेट जत्रेतल्या नाटकाची होती. नाटक संपल्यावर उरलेल्या टेपवर माझ्या आतेभावाने, आमच्या दादाने, आपला खेळ रेकॉर्ड करून ठेवला होता. त्या काळी त्यासाठी वेगळे साधन लागत नसे. कन्सोलची अँटेनाची वायर टीव्हीऐवजी व्हीसीआरला लावायची, व्हीसीआरची टीव्हीला, आणि नाटक लावायच्या आधी जसे लाल बटण दाबतो तसे दाबायचे. काकांनी ती कॅसेट उतरवून पडद्यावर लावली. चित्र अर्थातच वाईट होते. व्हीएचएसमध्ये ओळीला जेमतेम २४० रेषांइतका तपशील मावतो आणि रंगाच्या वाट्याला त्याहून फार कमी येतो, त्यामुळे मारिओच्या टोपीचा तांबडा रंग टोपीबाहेर सांडला होता आणि वरचे गुण वाचता येत नव्हते. मग काकांनी बाणाचे बटण दाबत एकेक फील्ड पुढे सरकवली. एका फील्डमध्ये विटांपाशी उभा असलेला मारिओ, पुढच्यात फक्त विटा आणि आकाश, पुढच्यात पुन्हा मारिओ. सगळे क्षण होते. टेपचे यंत्र अक्षर वाचू शकत नव्हते, पण सेकंदाचे पन्नासही भाग त्याने इमानाने टिपले होते.

“मोबाइलवर बघायचंय म्हणून सगळे पंचवीस फ्रेम मागतात,” काका म्हणाले. “लग्नात चालून जातं रे, नवरा-नवरी बसूनच असतात. तुझा हा गडी मात्र उड्या मारतो, त्याला पन्नासच लागणार.”

त्या चित्रणात आणखी एक गोष्ट दिसली. एका रुंद खड्ड्याच्या आधी दादा थांबतो, दोन पावले मागे येतो, पुन्हा थांबतो आणि मग धाव घेऊन उडी मारतो. गेम स्वतः आज सहज मिळतो, त्याची रॉम फाइल, म्हणजे कॅसेटमधला प्रोग्रॅम उतरवलेली फाइल, कुठल्याही फोनवर चालते. पण ते दोन पावले मागे येणे त्या फाइलमध्ये नाही. जे लोक मला विचारतात की एम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करणारे सॉफ्टवेअर) असताना या धूळ खात पडलेल्या यंत्रांचा खटाटोप कशाला, त्यांना मी हा तुकडा दाखवतो. एम्युलेटरवर चित्रण सुबक होते हे खरेच आहे, आणि त्यात कोणते बटण कोणत्या फ्रेमला दाबले याची नुसती यादी साठवूनही संपूर्ण खेळ पुन्हा उभा करता येतो, जे मला फार आवडते. पण आमच्या घरातली माणसे एम्युलेटरवर खेळत नाहीत. चवथीला सगळे जुन्या घरी जमतात, आरती आणि जेवण आटोपले की कुणी तरी माळ्यावरून खोके खाली काढतो, आणि त्या वेळी समोर असते ते हेच यंत्र, याच सैल झालेल्या बटणांचे.

क्षणांच्या हिशेबाचे महत्त्व शर्यतीने खेळणाऱ्यांना फार आधी कळले होते. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या ऑटम्वा गावी १९८१ मध्ये सुरू झालेले ट्विन गॅलॅक्सीज विक्रमांची नोंद ठेवू लागले, आणि पुढे विक्रमाचा पुरावा म्हणून व्हीएचएस कॅसेटही पाठवल्या जात. आज सुपर मारिओ ब्रदर्स कमीत कमी वेळात संपवणारे खेळाडू २१-२१ फ्रेमच्या गटात बोलतात, कारण तो गेम एक टप्पा संपला की पुढे जायचे की नाही हे दर २१ फ्रेमनंतरच तपासतो. मधल्या फ्रेममध्ये कितीही घाई केली तरी फायदा शून्य. ज्या चित्रणात निम्म्या फ्रेम नाहीत त्यावरून असला हिशेब कसा करणार?

रेखीवपणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मी ऐकून घेतो, पण त्यांनाही दोन यंत्रांची दोन उत्तरे द्यावी लागतील. फॅमिकॉमची चित्राची चिप थेट कंपोझिट सिग्नलच, म्हणजे उजेड आणि रंग एकाच तारेत मिसळलेला सिग्नल, तयार करते. तांबडा, हिरवा आणि निळा हे रंग वेगवेगळे त्या यंत्रात कुठे वाहतच नाहीत. म्हणजे तिथे पिवळ्या पिनेतून येणारे, कडांवर ठिपके सरपटणारे चित्र हेच मूळ चित्र आहे, आणि त्याहून स्वच्छ चित्र हवे तर यंत्रात नवी चिप बसवून ते नव्याने निर्माण करावे लागते. मेगा ड्राइव्हमध्ये तिन्ही रंग सुटे असतात आणि योग्य केबल लावली तर ते बाहेरही काढता येतात. ते काढले की १९९१ च्या सॉनिकमधल्या पहिल्याच टप्प्यातला धबधबा पाहावा: त्यात एकाआड एक उभ्या पट्ट्या स्पष्ट दिसतात, जणू कुणी पाण्यावर गज बसवले आहेत. मेगा ड्राइव्हला खरी पारदर्शकता येत नव्हती. कंपोझिट सिग्नलमध्ये शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळून जातात, आणि त्यामुळे त्याच पट्ट्यांचे पातळ, आरपार दिसणारे पाणी होते. मी मेगा ड्राइव्ह पिवळ्या पिनेनेच चित्रित करतो. स्वच्छ केबल कपाटात आहे; ती मी कधी तरी कुतूहल म्हणून लावतो.

खेळणारा आणि चित्रण या दोघांना एकाच वेळी सिग्नल पुरवायचा असतो, हीसुद्धा एक अडचण. यूएसबी स्टिकचे चित्र संगणकावर उशिराने उमटते, त्यावर पाहून खेळले की उडी खड्ड्यात संपते. म्हणून खेळ डबा टीव्हीवर, म्हणजे जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर, आणि चित्रण संगणकावर. बाजारातली वाय आकाराची साधी पिन लावून सिग्नल दोघांत वाटला तर उजेड दोन-तृतीयांशावर येतो, कारण टीव्ही आणि कार्ड दोघेही ७५ ओमचा भार टाकतात आणि कन्सोलने तयारी एकाचीच केलेली असते. त्यावर सिग्नल वाढवून वाटणारी लहानशी डबी मिळते, ती घ्यावी. फाइलचा आकार हा वेगळाच विषय: ७२० बाय ५७६ चे चित्र कोणतीही काटछाट न करता साठवले तर तासाला सुमारे ७५ जीबी लागतात. मी एफएफव्ही१ हा, एकही ठिपका न गमावता आकार कमी करणारा कोडेक वापरतो आणि डिस्क भरली की दुसरी घेतो.

आणि मग पावसाळा. मिरगापासून चार महिने गेमच्या कॅसेटच्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर धरतो आणि चित्राऐवजी करड्या रंगाचा पडदा लुकलुकत राहतो. लहानपणी आम्ही कॅसेटमध्ये फुंकर मारत असू. फुंकरीतल्या ओलाव्याने गंज वाढतो हे आता सर्वांना माहीत आहे आणि तरीही हात आपोआप कॅसेट तोंडाशी नेतात. कापसाची काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल हा खरा उपाय. काडीवर आधी काळे, मग हिरवे आणि शेवटी काहीच उतरत नाही, इतके होईपर्यंत पुसायचे, आणि कॅसेट पूर्ण वाळल्याशिवाय यंत्रात घालायची नाही.

कधी कधी मी टीव्हीचेच चित्रण करतो, समोर कॅमेरा ठेवून. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवले की पडद्यावरून फिरणारा काळा पट्टा नाहीसा होतो. अशा चित्रणाचा आवाज संगणकावर उघडून पाहिला तर १५,६२५ हर्ट्झवर एक सरळ, न हलणारी रेघ दिसते. ती डबा टीव्हीची बारीक शिटी, सेकंदाला तितक्या ओळी काढताना होणारी. मला ती आता ऐकू येत नाही. भाच्याला येते आणि तो कानावर हात ठेवतो.

प्लेस्टेशन २ ची गोष्ट वेगळी आहे. त्याचे बहुतेक गेम खरोखरीच्या इंटरलेस्ड चित्राचे असल्यामुळे तिथे ‘रेट्रो’ पर्याय चित्र थरथरवतो आणि याडिफच बरे पडते. प्लेस्टेशन ३ एचडीएमआयवर नक्कलविरोधी कुलूप कायम लावून ठेवतो, त्यामुळे तिथे घटकरंगांची (कंपोनंट) जुनी केबल हाच सरळ मार्ग. हातातल्या गेम बॉयला तर बाहेर चित्र काढायची सोयच नव्हती. १९९४ मध्ये सुपर निन्टेंडोसाठी निघालेल्या सुपर गेम बॉय या जोडकॅसेटने ते टीव्हीवर आले खरे, पण तिचा ठोका मोठ्या कन्सोलच्या घड्याळावरून घेतलेला असल्यामुळे एनटीएससी यंत्रावर प्रत्येक गेम सुमारे २.४ टक्के भरभर चालतो आणि संगीतही तितकेच चढते. गेम बॉयच्या चित्रणाखाली ते कशावरून घेतले हे लिहिलेले नसेल तर मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

शेवटचा टप्पा म्हणजे हे सगळे यूट्यूबवर चढवणे. यूट्यूब २०१४ पासून ६० फ्रेम दाखवते, पण ७२० ओळी किंवा त्याहून मोठ्या चित्रालाच. त्यामुळे २४० ओळींचे चित्र निदान तिप्पट करूनच द्यावे लागते, नाही तर इतका सांभाळलेला प्रत्येक दुसरा क्षण शेवटच्या उंबरठ्यावर गळून जातो. ५० फ्रेमचे चित्रणही तिथे तसेच राहते. म्हणून मी मेगा ड्राइव्हचा खेळ ६० ने देतो, नकलेचा ५० ने, आणि शीर्षकातच तो आकडा लिहितो.

भाच्याला हे पटत नाही. मारिओ त्याने इंटरनेटवर ६० च्या वेगात पाहिलेला आणि फोनवर तसाच खेळलेला आहे, आमचे चित्रण ऐकून तो म्हणाला, “मामा, हे स्लो झालंय, स्पीड वाढवून टाक.” गेल्या चवथीला त्याला खरे यंत्र हातात दिले आणि टीव्हीसमोर बसवले. त्याचा हात तयार आहे, पण हिशेब साठाचा. प्रत्येक खड्ड्यापाशी तो क्षणभर आधी उडी मारत होता आणि बरोबर मध्यभागी पडत होता. दादा मागे बसून हसत होता आणि मधूनच “थांब रे, जरा थांब” म्हणत होता. शेवटी दादाने रिमोट स्वतःच्या हातात घेतला. त्या दुपारचे चित्रण मी ५० फ्रेमनेच साठवले आहे, भाच्याच्या सगळ्या मरणांसकट.